शितावरून भात, रक्तावरून साथ

भात शिजला की नाही हे पाहायला आई पातेल्यातला सगळा भात चाखत बसत नाही. ती पळीने एकदा ढवळते, दोन-चार शिते उचलते, बोटांनी दाबून पाहते आणि निकाल देते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपण वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ करतो. पण संख्याशास्त्रातले एक मोठे तत्त्व या तीन शब्दांत दडलेले आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यातही ‘एकदा ढवळते’ हा भाग तर म्हणीतून पार गळालाच आहे. आजचा लेख त्या गळालेल्या भागाबद्दल आहे.

२०२० साली कोविड-१९ची साथ आली तेव्हा तुम्ही प्राथमिक शाळेत असाल. रोज सायंकाळी आकडा जाहीर होई: आज इतके नवे रुग्ण. घरातली मोठी माणसे तो कान देऊन ऐकत. पण तो आकडा नेमका कशाचा होता? ज्यांची तपासणी झाली आणि ज्यांच्यात विषाणू सापडला, अशांचा. ज्यांना लागण होऊनही साधा खोकलासुद्धा आला नाही, ज्यांना दोन दिवस कणकण वाटली आणि जे घरीच पडून राहिले, ज्यांच्या गावाजवळ तपासणी केंद्रच नव्हते, ते सारे या हिशेबाबाहेर होते. मग खरोखर किती जणांना लागण झाली होती? १३० कोटींहून अधिक लोकांच्या देशात प्रत्येकाला तपासणे शक्य नव्हते. म्हणून शिते उचलावी लागली. या शिते उचलण्यालाच प्रतिपिंडांची सामुदायिक पाहणी, किंवा वृत्तपत्रांच्या भाषेत ‘सेरो सर्वेक्षण’, म्हणतात.

पावलांचे ठसे

आपल्या शरीरात विषाणू शिरला की रक्तातील काही पेशी त्याच्याशी लढण्यासाठी विशिष्ट प्रथिने बनवतात. तीच प्रतिपिंडे. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा त्यांचा आकार असतो. कुलपात किल्ली बसावी तशी ती विषाणूच्या ठरावीक भागावर जाऊन बसतात. ती तयार व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. विषाणू शरीरातून हद्दपार झाल्यावरही त्यांपैकी काही प्रतिपिंडे कित्येक महिने, काही रोगांत तर जन्मभर, रक्तात राहतात.

म्हणजे नाकातोंडातील स्राव घेऊन करायची आर.टी.-पी.सी.आर. तपासणी ‘चोर आत्ता घरात आहे का?’ हे सांगते. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी ‘चोर कधी येऊन गेला का?’ हे सांगते. पहिली चोर पाहते, दुसरी त्याच्या पावलांचे ठसे पाहते. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांची गल्लत करू नये.

हे ठसे पाहायचे कसे? एलायझा नावाची पद्धत १९७१ सालापासून वापरात आहे. प्लास्टिकच्या तबकडीत ९६ छोट्या वाट्या असतात. वाट्यांच्या तळाला विषाणूचा एक निरुपद्रवी तुकडा चिकटवलेला असतो. त्यात रक्तातील द्रव टाकायचा. त्यात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतील तर ती तुकड्याला धरून बसतात, नसतील तर धुऊन जातात. मग त्या प्रतिपिंडांना चिकटणारे आणि रंग उत्पन्न करणारे रसायन टाकायचे. रंग आला तर ठसा आहे. किती गडद आला हे वाटीतून प्रकाश पाठवून, त्यातला किती शोषला गेला यावरून मोजतात. म्हणजे अखेर मामला आमच्या भौतिकशास्त्रापाशी येऊन थांबतो! पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मे २०२० मध्ये अशी देशी चाचणी तयार केली आणि तिला ‘कोविड कवच’ असे नाव दिले.

हीच चाचणी वापरून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे-जून २०२० मध्ये देशातील पहिली पाहणी केली. २१ राज्यांतील ७० जिल्हे, त्यांतली ७०० गावे व वॉर्ड आणि एकूण २८,००० प्रौढ माणसे. निष्कर्ष निघाला ०.७३ टक्के, म्हणजे हजारात सुमारे सात. आकडा लहान दिसतो, नाही का? पण त्यावरून हिशेब केला तेव्हा कळले की मे महिन्याच्या सुरुवातीलाच देशात सुमारे ६४ लाख प्रौढांना लागण होऊन गेली असावी. तपासणीत सापडलेल्या प्रत्येक रुग्णामागे ८२ ते १३० जणांना लागण झालेली होती. रोज सायंकाळच्या आकड्याने जे सांगितले नव्हते ते या शितांनी सांगितले.

रक्तातला इतिहास

ही युक्ती कोविडच्या साथीत निघाली असे मात्र समजू नका. अलास्काच्या उत्तर टोकाला पॉइंट बॅरो नावाची जागा आहे. तिथल्या मूळ रहिवाशांचे रक्तनमुने अमेरिकन संशोधक जॉन पॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि निष्कर्ष १९५१ साली प्रसिद्ध केले. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. त्यांपैकी दुसऱ्या प्रकाराची प्रतिपिंडे वीस वर्षांखालील मुलांत जवळजवळ नव्हतीच, त्याहून मोठ्या माणसांत मात्र ती आढळली. याचा अर्थ काय? सुमारे वीस वर्षांपूर्वी तो विषाणू त्या वस्तीत एकदा येऊन गेला होता आणि नंतर फिरकला नव्हता. दप्तरी नोंद असो वा नसो, रक्ताने नोंद ठेवली होती.

याच्या जोडीला आपल्या देशातले एक उदाहरण ठेवून पाहा. २०१७-१८ साली भारतातील १५ राज्यांत डेंग्यूच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. ५ ते ८ वर्षे वयाच्या मुलांत २८.३ टक्के, ९ ते १७ वर्षे वयोगटात ४१ टक्के आणि १८ ते ४५ वर्षांत ५६.२ टक्के असे प्रमाण आढळले. अलास्कात वीस वर्षांपाशी एकदम कडा होता, इथे जिना आहे. वय वाढते तसे प्रमाण पायरीपायरीने वाढते. यावरून डेंग्यू आपल्याकडे एकदा येऊन गेलेला पाहुणा नसून कायमचा बिऱ्हाडकरू आहे हे कळते. एकाही रुग्णालयाचे दप्तर न उघडता ही गोष्ट समजली! शास्त्राची मौज म्हणतात ती ही.

पण कोणत्याही पाहणीतला आकडा वापरण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारावेच लागतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, हे तीन प्रश्न शास्त्रज्ञांनी तर विचारावेतच, पण तुम्ही-आम्हीही विचारायला शिकले पाहिजे. तसे न शिकण्याची किंमत आपण एकदा मोजलेली आहे.

पहिला प्रश्न: भात ढवळला होता का?

पातेल्याच्या तळाचा भात आधी शिजतो, वरचा कच्चा राहतो. न ढवळता वरवरची शिते उचलली तर परीक्षा चुकणार. माणसांच्या बाबतीत ढवळणे म्हणजे निवड चिठ्ठ्या टाकून करणे. प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी मिळाली पाहिजे. यालाच यदृच्छ नमुना म्हणतात.

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सँटा क्लारा परगण्यात अशी पाहणी झाली. लोकांना फेसबुकवरील जाहिरातीतून बोलावले होते. आता विचार करा, अशा जाहिरातीला कोण पटकन प्रतिसाद देईल? ज्याला ‘गेल्या महिन्यात मला ताप आला होता, तो हाच तर नसेल?’ अशी शंका आहे तो. म्हणजे शीत आपण होऊन पळीत उडी मारते आहे! अशा पाहणीत प्रमाण फुगलेले दिसण्याचा धोका असतो आणि यावरून तेव्हा मोठा वाद झाला.

पुण्याचे उदाहरण पाहा. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये शहरातील पाच प्रभागांत १,६६४ जणांचे रक्त तपासण्यात आले. आयसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांचा या कामात सहभाग होता. ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. लगेच पुष्कळ जण म्हणू लागले, ‘अर्ध्या पुण्याला करोना होऊन गेला!’ पण हे पाच प्रभाग ज्या भागांत रुग्ण अधिक होते त्यांतून निवडले होते. त्यांच्यातही आपसांत एका ठिकाणी सुमारे ३६ टक्के तर दुसरीकडे सुमारे ६५ टक्के, इतका फरक होता. पाहणी चोख होती. तिने पाच प्रभागांबद्दल सांगितले आणि आपण ते साऱ्या पुण्यावर लादले. दोष शिताचा नव्हे, भलत्याच पातेल्याचा निकाल देणाऱ्याचा.

इथे एक शंका तुमच्या मनात येईल. एवढ्या मोठ्या देशासाठी २८,००० माणसे पुरतात का? चमचाभर आमटी चाखून मीठ कळते. ती आमटी चार माणसांची असो की लग्नाच्या पंगतीची, चमचा तेवढाच लागतो, फक्त ती नीट ढवळलेली हवी. यदृच्छ नमुन्यातील चूक मुख्यतः नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते, लोकसंख्येवर जवळजवळ नाही. ढोबळ नियम असा: माणसांच्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि १ला त्याने भागा. १०० माणसे घेतली तर चूक सुमारे १० टक्क्यांपर्यंत अधिक-उणे, ४०० घेतली तर ५ टक्के, १,६०० घेतली तर अडीच टक्के. प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल तेव्हा हा नियम चांगला चालतो. चूक निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात, हेही ध्यानात घ्या. एकाच गावातली किंवा एकाच घरातली अनेक माणसे घेतली तर ती एकमेकांसारखी असतात, म्हणून चूक यापेक्षा वाढते.

दुसरा प्रश्न: तराजू खरा आहे का?

आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या हाती सूक्ष्ममापी दिली की पहिली सूचना असते: आधी शून्य त्रुटी पाहा. काहीही न धरता माप शून्य दाखवते का? दाखवत नसेल तर तेवढी चूक प्रत्येक मापनातून वजा करा. रक्ताच्या चाचणीलाही शून्य त्रुटी असते. ज्याला कधीही लागण झालेली नाही अशा माणसातही ती क्वचित ‘आहे’ म्हणते, आणि ज्याला लागण झाली होती त्याच्यात क्वचित ‘नाही’ म्हणते.

समजा, एक चाचणी लागण झालेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर ओळखते आणि लागण न झालेल्या १०० पैकी फक्त एकाला चुकून ‘आहे’ म्हणते. वरवर पाहता चाचणी उत्तमच! आता १०,००० वस्तीचे एक गाव घ्या. त्यातल्या फक्त १०० जणांना, म्हणजे १ टक्का लोकांना, लागण झालेली आहे. चाचणी त्यांच्यापैकी ९० जणांना ओळखील. उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी १ टक्का, म्हणजे ९९ जणांना ती चुकून ‘आहे’ म्हणेल. एकूण १८९. म्हणजे आपल्याला दिसले १.८९ टक्के, खरे होते १ टक्का. आणि ज्यांना ‘आहे’ म्हटले त्यांतले निम्म्याहून अधिक खोटे!

आता तीच चाचणी निम्म्या लोकांना लागण झालेल्या गावात न्या. ५,००० पैकी ४,५०० जण बरोबर ओळखले जातील, उरलेल्या ५,००० पैकी ५० जण खोटे येतील. एकूण ४,५५०, म्हणजे ४५.५ टक्के. खरे होते ५०. तराजू तोच, पण एका गावात तो अधिक दाखवतो आणि दुसऱ्या गावात कमी!

घाबरू नका, ही चूक दुरुस्त करता येते. दिसलेल्या टक्क्यांतून १ वजा करा आणि उत्तराला ९० वजा १, म्हणजे ८९ टक्क्यांनी भागा. पहिल्या गावात १.८९ उणे १ म्हणजे ०.८९. त्याला ०.८९ने भागले की १. दुसऱ्या गावात ४५.५ उणे १ म्हणजे ४४.५. त्याला ०.८९ने भागले की ५०. वहीवर करून पाहा. रोगन आणि ग्लेडन या संशोधकांनी १९७८ साली मांडलेले हे सूत्र आजही पाहण्यांत वापरतात. नववीतल्या बीजगणिताच्या पलीकडे त्यात काही नाही.

मघाच्या सँटा क्लाराच्या पाहणीत ३,३३० पैकी ५० जणांत प्रतिपिंडे आढळली होती, म्हणजे दीड टक्का. पण त्या चाचणीची पारख ज्यांना लागण नव्हती हे नक्की माहीत होते अशा केवळ ४०१ नमुन्यांवर झाली होती आणि त्यांतले दोन चुकून ‘आहे’ आले होते. दोन ऐवजी सहा-सात येणेही अशक्य नव्हते. तसे असेल तर ५० च्या ५० खोटे असू शकले असते! टीका झाली, संशोधकांनी चाचणीची अधिक नमुन्यांवर पारख करून आकडे सुधारले. यात लाज वाटण्याजोगे काही नाही, शास्त्र असेच पुढे जाते. मात्र पहिला आकडा जगभर गेला, सुधारणा तेवढी पोहोचली नाही.

आणखी एक खोच आहे. काही विषाणू चुलत भावंडांसारखे असतात, त्यांचे ठसेही मिळतेजुळते. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. त्या सुरुवातीच्या काळात भारतीयांचे रक्तनमुने तपासून १९५४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. काही जणांच्या रक्तात झिका विषाणूला रोखणारी प्रतिपिंडे दिसली होती. ती खरोखर झिकाची की त्याच्या डेंग्यूसारख्या भावंडांची, हा प्रश्न त्यानंतर सतत विचारला गेला आहे. ठसा दिसला तरी जोडा नेमका कोणाचा, हे सांगायला कसब लागते.

तिसरा प्रश्न: आकडा कोणत्या दिवसाचा?

ठसे पुसतही जातात. जुलै २०२० मध्ये मुंबईत दहिसर, चेंबूर व माटुंगा भागांतील तीन वॉर्डांत पाहणी झाली. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून सुमारे सात हजार नमुने घेतले. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, इतर वस्तीत १६ टक्के. ऑगस्टमध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा हे आकडे ४५ आणि १८ आले. ५७ चे ४५ कसे झाले? ज्यांना लागण झाली होती त्यांची झालेली लागण रद्द तर होत नाही! दुसऱ्या फेरीत घेतलेली माणसे वेगळी होती हे खरे, पण प्रतिपिंडे काळाप्रमाणे ओसरतात, आणि विषाणूच्या कोणत्या भागाविरुद्धची प्रतिपिंडे आपण शोधतो यावर ती किती लवकर चाचणीच्या नजरेआड होतात हे ठरते. म्हणून आकड्याबरोबर तारीख हवी आणि चाचणीचे नावही हवे.

लस आल्यावर आणखी गुंता झाला, कारण प्रतिपिंडे लसीनेही तयार होतात. जून-जुलै २०२१ मधील चौथ्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांवरील ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. त्यांत लागण झालेलेही होते आणि लस घेतलेलेही.

चुकीच्या वाचनाची किंमत

आता ज्या किमतीबद्दल मी मघाशी म्हटले तिच्याकडे वळू. ब्राझीलमधील मानाउस या शहरात रक्तदात्यांच्या नमुन्यांवरून असे अनुमान निघाले की ऑक्टोबर २०२० पर्यंत ७६ टक्के लोकांना लागण होऊन गेली असावी. इतक्या लोकांत प्रतिकारशक्ती आली म्हणजे साथ आता विझली, असे पुष्कळांना वाटले. पण जानेवारी २०२१ मध्ये तिथे पहिल्यापेक्षा भयंकर लाट आली आणि रुग्णालयांत प्राणवायू पुरेना. रक्तदाते म्हणजे सारे शहर नव्हे, प्रतिकारशक्ती ओसरते, आणि विषाणूही रूप बदलतो. तिन्ही गोष्टी पुढे दिसून आल्या.

आपल्याकडेही तेच घडले. दिल्लीच्या पाहणीचा ५६ टक्क्यांचा आकडा फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला जाहीर झाला. त्याच सुमारास देशातील रुग्णसंख्या उतरलेली होती. तिसऱ्या राष्ट्रीय पाहणीनुसार प्रौढांपैकी सुमारे पाचांत एकालाच लागण झालेली होती, म्हणजे चार जण अजून उघडे होते. ही बातमीही छापून आली होती. पण सुखावणारा आकडा लक्षात राहिला आणि सावध करणारा विसरला गेला. मास्क हनुवटीवर आले, गर्दी जमू लागली. एप्रिलमध्ये दुसरी लाट कोसळली. दिल्लीतही प्राणवायूसाठी रांगा लागल्या. ही लाट केवळ एका आकड्याच्या गैरवाचनाने आली असे मी म्हणणार नाही. नवे, वेगाने पसरणारे विषाणूचे रूप हे त्यामागचे मोठे कारण होते. पण आपण बेसावध सापडलो यात त्या गैरवाचनाचा वाटा निश्चित होता. तुमच्यापैकी काहींच्या घरातले माणूस त्या दिवसांत गेले असेल. त्यामुळे हा केवळ गणिताचा धडा नाही.

पाहणी मागे काय घडले ते सांगते. ती पुढच्या वाटेचा परवाना नव्हे.

उलट दिशेने चूक कशी होते तेही पाहा. २०२१ च्या पावसाळ्यात देशात सर्वांत जास्त नवे रुग्ण केरळात नोंदले जात होते. ‘केरळचे सगळे बिघडले’ असा सूर उमटला. पण चौथ्या पाहणीत मध्य प्रदेशात ७९ टक्के, महाराष्ट्रात ५८ टक्के, आणि केरळात केवळ ४४.४ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. म्हणजे तोवर केरळने आपल्या अधिक लोकांना लागणीपासून वाचवले होते. म्हणूनच विषाणूला पसरायला तिथे अजून जागा होती. आजचा रुग्णांचा आकडा आणि रक्तातला आकडा शेजारी ठेवल्यावरच चित्र पुरे झाले. आणि ६७.६ टक्क्यांची सरासरी कोणत्याही एका राज्याची नव्हती, हेही दिसले. सरासरी चार फूट खोल नदीतसुद्धा माणूस बुडतो!

मग काय करावे?

काही जाणकार म्हणतात की सामान्य माणसाला एकच आकडा सांगावा, चुकांची आणि अधिक-उणेची भानगड सांगितली तर तो गोंधळतो. मला हे मान्य नाही. मंडईत भाजी घेताना तराजूचा काटा मध्यावर आहे का हे पाहणारी, धान्य घेताना पोत्यात आत हात घालून मूठभर काढून पाहणारी बाई अशिक्षित असली तरी नमुना आणि त्रुटी म्हणजे काय हे पुरते जाणते. तिला समजेल अशा भाषेत सांगण्याचा आळस आपण करतो आणि दोष तिच्या समजुतीला देतो.

म्हणून माझे तीन आग्रह आहेत. पहिला, अशा पाहणीचा आकडा जाहीर करताना माणसे कशी निवडली, चाचणी किती चुकते आणि नमुने कोणत्या तारखांचे, ही तीन वाक्ये त्याच बातमीत असलीच पाहिजेत. जिथे ती नसतील तिथे वाचकाने आकड्यावर विश्वास टाकू नये.

दुसरा, ज्यांनी रक्त दिले त्यांना निष्कर्ष सांगितला पाहिजे. लोक दार उघडतात, अनोळखी माणसापुढे हात पुढे करतात, तेव्हा समाजाचा एक प्रश्न सुटतो. मुंबईतील ५७ आणि १६ हे आकडे नुसते विषाणूबद्दल बोलत नाहीत. एका खोलीत किती माणसे राहतात, एका शौचालयासमोर किती जण रांग लावतात, हे ते सांगतात. ज्यांच्या रक्तातून ही गोष्ट कळली त्यांच्या वस्तीत पुढे पाणी आणि शौचालये आली नाहीत, तर पाहणी अर्धीच राहिली असे मी म्हणेन. आणि पुढच्या साथीत पाहणीसाठी कोणी दारी आले, तर रक्त कशासाठी हवे, त्याचे काय करणार, हे जरूर विचारा. पटेल असे उत्तर मिळाले तर हात पुढे करा.

तिसरा आग्रह शिक्षकांना. हा विषय पाठ्यपुस्तकात येण्याची वाट पाहू नका. ज्वारीचे हजार दाणे मोजून घ्या, त्यांपैकी दोनशे कुंकवाच्या पाण्यात रंगवून वाळवा आणि सगळे एका डब्यात एकत्र करा. प्रत्येक विद्यार्थ्याने डोळे मिटून ५० दाणे काढावेत, लाल किती ते फळ्यावर लिहावे आणि दाणे परत टाकून डबा हलवावा. खरे उत्तर दहा आहे, पण सगळ्यांचे उत्तर सारखे येणार नाही. बहुतेकांचे ५ ते १५ च्या दरम्यान पडेल. मग डबा न हलवता, लाल दाणे एका बाजूला लोटून तोच प्रयोग करा. पाहा काय होते! चाळीस मिनिटांच्या एका तासात वर्गातल्या प्रत्येकाला यदृच्छ नमुना आणि त्याची चूक कळेल, खर्च मूठभर ज्वारीचा.

साथी पुन्हा येतील. त्या केव्हा आणि कोणत्या विषाणूच्या येतील हे सांगता येत नाही. पण तेव्हा वृत्तपत्रात पुन्हा टक्के छापून येतील, एवढे निश्चित. त्या वेळी तुम्ही मतदार असाल, कोणी डॉक्टर, कोणी पत्रकार, कोणी ग्रामपंचायतीचे सदस्य असाल. समोर आकडा आला की तो पाहून हुरळू नका आणि घाबरूही नका. एवढेच विचारा: भात ढवळला होता का, तराजू पारखला होता का, आणि हे केव्हाचे?